प्रोफेसर ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन ह्यांचें चरित्र

गुरांच्या गोठ्याचें दार पहाटे उघडलें म्हणजे जो उग्र वास नाकास झोंबतो, तो आमच्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. कल्हईवाल्याजवळचा नवसागर घेऊन त्यांत चुना मिसळून चोळला, तर तोच वास येतो व डोळ्यांस पाणी सुटतें. ज्या वायूचा हा वास आहे त्यास अमोनिया म्हणतात. मासळीच्या बाजारांतून जातांना जो वास अंगावरच्या कपड्यांस चिकटतो, तो ह्याच अमोनियाच्या एका भाऊबंदाचा होय. ह्या भाऊबंदांचें कूळ मोठें आहे. आपल्या शरीरांत, झाडांच्या सालींत, औषधांत आणि विषांतही तें पसरलेलें आहे. एके काळीं त्या कुळाची वंशावळ कोणासही ठाऊक नव्हती. ती ज्यांनीं धीरानें लावून दिली, त्या प्रोफेसर हॉफमन ह्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. विषय शास्त्राचा आहे खरा. परंतु सावकाश वाचला असतां तो कठीण वाटणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.

ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन ह्यांचा जन्म जर्मनींतील हेस संस्थानांत गीसेन ह्या गांवीं ८ एप्रिल १८१८ रोजीं झाला. त्यांचे वडील योहान फिलिप हॉफमन हे इमारतींचे नकाशे काढून त्या बांधून घेणारे शिल्पी होते. मुलानें प्रथम कायदा व भाषा ह्यांचा अभ्यास आरंभिला. रसायनशास्त्राचा त्यास विशेष नाद नव्हता. परंतु त्याच गांवच्या विद्यापीठांत युस्टुस लीबिग नांवाचे एक थोर गुरु शिकवीत होते. त्या काळीं बहुतेक ठिकाणीं विद्यार्थी बांकावर बसून व्याख्यान ऐकत व गुरूचे प्रयोग दुरून पाहत. लीबिग मात्र प्रत्येकाच्या हातीं तराजू व कांचेची नळी देऊन त्याच्याकडूनच काम करवून घेत. दूरदूरचे तरुण त्यांच्याकडे येऊं लागले, जागा अपुरी पडली, आणि १८३९ च्या सुमारास प्रयोगशाळा वाढविण्याचें काम हॉफमनांच्या वडिलांकडे आलें. ह्या निमित्तानें लीबिगांचा परिचय वाढला, आणि कायद्याचा विद्यार्थी हळू हळू रसायनशाळेंत रमला. १८४१ सालीं त्यांनीं डॉक्टर ही पदवी मिळविली.

त्यांच्या वांट्यास आलेलें पहिलें काम किळस यावी असें होतें. दिव्यांचा गॅस काढण्यासाठीं दगडी कोळसा बंद भट्टींत तापवीत, तेव्हां मागें काळें, चिकट, दुर्गंधी डांबर उरे. त्याचें काय करावें ही कारखानदारांस पंचाईत पडे. ह्या डांबराच्या तेलांतून हॉफमनांनीं अमोनियाच्या गुणाचा एक तेलकट पदार्थ वेगळा केला. असाच पदार्थ पूर्वीं चार शास्त्रज्ञांनीं चार वेळां वर्णिला होता, दोघांनीं निळीपासून, एकानें डांबरापासून व एकानें बेंझीनच्या एका संयुगापासून काढून. आणि प्रत्येकानें त्यास निराळें नांव दिलें होतें. १८४३ सालीं हॉफमनांनीं सिद्ध केलें कीं, हे चार पदार्थ नसून एकच आहे. त्यास पुढें ॲनिलीन हेंच नांव कायम झालें. तें पोर्तुगीज भाषेंतील अनिल ह्या शब्दावरून आलें. पोर्तुगीजांस तो अरबांकडून मिळाला, आणि अरबांनीं तो आपल्या देशाच्या नील ह्या शब्दावरून घेतला. म्हणजे डांबरांतून निघालेल्या ह्या वस्तूवर आमच्या निळीच्या झाडाचा शिक्का आजतागाईत राहिला आहे.

१८४५ सालीं लंडन शहरांत रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री नांवाची नवी शाळा निघाली. राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स आल्बर्ट हे स्वतः जर्मन असून त्यांचा ह्या शाळेस मोठा आधार होता. मुख्य अध्यापकाच्या जागेवर लीबिगांचे शिष्य हॉफमन ह्यांची नेमणूक झाली. त्या वेळीं ते बॉन येथें नुकतेच शिकवूं लागले होते व त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें. परका देश, परकी भाषा, नवी शाळा. न जमल्यास परत येतां यावें म्हणून बॉनची जागा दोन वर्षे राखून ठेवण्याची तजवीज करून ते निघाले, आणि लंडनांत वीस वर्षे राहिले. तरुणपणीं केलेला भाषांचा अभ्यास आतां कामास आला. इंग्रजी भाषेंत ते उत्तम व्याख्यानें देऊं लागले. गुरूची रीतही त्यांनीं सोडली नाहीं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या मेजापाशीं जाऊन ते त्याचें काम पाहत व पुढचें पाऊल सुचवीत. विल्यम क्रूक्स, फ्रेडरिक एबेल व विल्यम पर्किन असे पुढें नांवारूपास आलेले पुरुष ह्याच शाळेंत तयार झाले.

ह्या विद्येनें बळीही घेतले. चार्ल्स मॅन्सफील्ड नांवाच्या त्यांच्या एका सुशील व बुद्धिमान शिष्यानें डांबरांतून बेंझीन पुष्कळ प्रमाणांत शुद्ध करून काढण्याची रीत बसविली. १८५५ च्या फेब्रुवारी महिन्यांत त्याचें भांडें उतूं जाऊन पेटलें. घरास आग लागूं नये म्हणून त्यानें तें जळतें भांडें उचलून बाहेर नेण्याचा यत्न केला, त्यांत तो भयंकर भाजला व थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याचें वय छत्तीसांच्या आंत होतें. ज्या ज्ञानाचीं फळें आपण आज सहज चाखतों, तें मिळवितांना कोणी काय मोजलें, हें विसरूं नये.

आतां आम्ही हॉफमनांच्या मुख्य कार्याकडे वळतों. अमोनियाच्या एका रेणूंत नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन अणु असतात, हें ठाऊक होतें. ॲनिलीन, क्विनीन (ज्यास आमच्याकडे कोयनेल म्हणत), कुचल्याचें विष, असे अनेक पदार्थ अमोनियाप्रमाणेंच आम्लांशीं मिळून क्षार बनवितात, हेंही ठाऊक होतें. परंतु अमोनियाशीं त्यांचें नातें काय, ह्याविषयीं दोन मतें होतीं. स्वीडनचे वृद्ध शास्त्रज्ञ बर्झेलियस ह्यांच्या मतें ह्या पदार्थांत अमोनिया जसाच्या तसा बसलेला असून त्यास दुसरें कांहीं जोडलेलें असतें. लीबिगांचें मत असें होतें कीं, अमोनियांतला एखादा हायड्रोजन निघून त्याच्या जागीं दुसरें कांहीं बसलेलें असतें. दोन्ही बाजूंस नुसता तर्क होता. प्रत्यक्ष एक हायड्रोजन काढून त्याच्या जागीं दुसरें बसवून कोणी दाखविलें नव्हतें.

१८४९ सालीं ह्या वादावर पहिला प्रकाश पॅरिस शहरांत पडला. स्ट्रासबुर्गजवळच्या एका खेड्यांतील लुथेरन पाळकाचे पुत्र आडॉल्फ वुर्ट्झ ह्यांस एका निराळ्याच रीतीनें असे वायु मिळाले कीं, त्यांचा वास घेतां कोणीही त्यांस अमोनियाच म्हणावें. पण ज्योत जवळ नेतांच ते पेट घेत. हे वायु म्हणजे मेथिल अमाइन व एथिल अमाइन होत. अमोनियाचा एक हायड्रोजन जाऊन त्याच्या जागीं मद्यार्काच्या घराण्यांतील एक गट बसला होता. हॉफमन त्याच सुमारास लंडनांत ह्याच प्रश्नाशीं झुंजत होते. दुसऱ्यानें पुढें पाऊल टाकलें हें पाहून पुष्कळ माणसें खट्टू होतात व त्याचें श्रेय कमी करूं पाहतात. हॉफमनांनीं वुर्ट्झ ह्यांचें श्रेय मान्य केलें आणि जेथें त्यांचा शोध थांबला होता तेथून पुढें वाट चालूं लागले.

त्यांची रीत अगदीं सोपी होती. मद्यार्कापासून एथिल नांवाचा गट मिळतो. त्यांत कर्बाचे दोन व हायड्रोजनचे पांच अणु एकत्र जुळलेले असतात. ह्या गटास ब्रोमीन किंवा आयोडीन जोडलें म्हणजे एक जड, पातळ द्रव तयार होतो. हा द्रव त्यांनीं प्रथम ॲनिलीनशीं व नंतर अमोनियाशीं मिळविला, आणि कांचेच्या नळीचें तोंड वितळवून बंद करून ती ऊन पाण्यांत ठेवली. आंत काय घडलें तें आम्ही घरगुती दृष्टान्तानें सांगतों. नायट्रोजन हा मध्यें रोवलेला खुंट समजा, व त्यास तीन दाव्यांनीं बांधलेलीं तीन लहान वासरें म्हणजे हायड्रोजनचे तीन अणु. एथिल हा मोठा बैल. बैल आला म्हणजे एक वासरूं सुटतें व त्याच्या दाव्यास बैल बांधला जातो. सुटलेलें वासरूं आयोडीन आपल्याबरोबर घेऊन जातो. एक वासरूं सुटलें तर एथिल अमाइन, दोन सुटलीं तर डायएथिल अमाइन, तिन्ही सुटलीं तर ट्रायएथिल अमाइन. ह्या क्रियेस अल्किलन असें नांव आहे.

ऐकण्यास हें सोपें, करण्यास तसें नव्हे. एक बैल बांधून क्रिया थांबत नाहीं. ज्या खुंटास एक बैल लागला तो दुसऱ्या बैलास पहिल्यापेक्षांही उत्सुकतेनें ओढतो. त्यामुळें नळी फोडली म्हणजे आंत एकजिनसी पदार्थ न मिळतां सर्व पायऱ्यांचें मिश्रण मिळे. तें निवडणें म्हणजे मिसळलेले तांदूळ व कण्या दाणा दाणा वेचण्यासारखें होतें. पुन्हा क्षार करावा, पुन्हा त्याचे स्फटिक पाडावे, तोलावे, जाळून त्यांतील कर्ब व हायड्रोजन मोजावा, आणि हिशेब जुळला नाहीं तर पहिल्यापासून आरंभ करावा. हीं मिश्रणें एका विशेष आम्लाच्या साहाय्यानें वेगळीं करण्याची युक्ति त्यांस पुढें पुष्कळ वर्षांनीं सांपडली. तोंपर्यंत धीर हेंच त्यांचें हत्यार होतें. १८५० सालीं त्यांचा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत छापला गेला, आणि लीबिगांचें मत खरें ठरलें. अमोनिया हा जणू एक सांचा आहे, व त्याच्या जागा एकेक करून बदलतां येतात, हें सर्वांस मान्य करावें लागलें.

परंतु खरें नवल पुढेंच होतें. तिन्ही वासरें सुटून तीन बैल बांधले गेल्यावर आतां जागा उरली नाहीं, असें कोणासही वाटावें. हॉफमनांनीं ट्रायएथिल अमाइनमध्यें एथिल आयोडाइड आणखी घातलें. क्रिया थांबली नाहीं. पांढरे शुभ्र स्फटिक तयार झाले. ह्यांत नायट्रोजनभोंवतीं चार एथिल होते! आजचें शास्त्र असें सांगतें कीं, नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते; तेंच त्याचें चौथें दावें. त्यास चौथा एथिल बांधला गेला म्हणजे सर्व जुळणीवर धन विद्युत्भार येतो, व आयोडीन ऋण भार घेऊन तिच्या शेजारीं राहतो. अशा पदार्थांस चतुर्थ अमोनियम क्षार म्हणतात.

ह्या क्षाराची ओळख कशी पटावी? वाचकांनीं आरंभींची नवसागर व चुना ही गोष्ट आठवावी. नवसागरांतही नायट्रोजनभोंवतीं चार अणु आहेत. पण ते चारही हायड्रोजन असल्यामुळें चुना त्यांतला एक सहज हिरावून घेतो व अमोनिया मोकळा होऊन वास सुटतो. हॉफमनांच्या क्षारांत नायट्रोजनवर हिरावून घेण्यासारखा एकही हायड्रोजन नाहीं. म्हणून त्यावर तीव्र अल्कली घातली तरी वास सुटत नाहीं. क्षार फुटतच नाहीं. तेव्हां त्यांनीं चांदीच्या भस्माची म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडची योजना केली. चांदीनें आयोडीन धरून ठेवलें, आणि पाण्यांत जें उरलें तें कॉस्टिक सोड्याच्या तोडीचें तीव्र आम्लारि निघालें. तें कातडी खाई व चरबीचा साबण करी. सोडा व पोटॅश ह्यांत धातु असते. ह्यांत धातूचा लवलेश नव्हता. डांबर, मद्यार्क व अमोनिया ह्यांच्या घराण्यांत असें सामर्थ्य असेल, हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. हें कार्य १८५१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपला सभासद करून घेतलें.

कीर्तीच्या ह्या दिवसांत घरीं मात्र अंधार होता. १८४६ सालीं त्यांनीं हेलेन मोल्डनहाउअर ह्या बाईंशीं लग्न केलें होतें. परदेशांत संसार मांडून उणीं पुरीं सहा वर्षे झालीं नाहींत, तोंच १८५२ सालीं ती वारली. १८५६ सालीं त्यांनीं पुन्हा विवाह केला. ही पत्नीही चार वर्षांनीं मृत्यु पावली. पुढें बर्लिन येथें केलेल्या तिसऱ्या विवाहाचीही तीच गत १८७१ सालीं झाली. चौथा विवाह त्यांनीं १८७३ सालीं केला. त्यांस एकंदर अकरा मुलें झालीं. ज्यांच्या घरांतून तीन वेळां तिरडी निघाली, त्या मनुष्याचें काम एकदांही बंद पडलें नाहीं. दुःख हलकें होतें म्हणून नव्हे, तर काम हाच त्यांचा आधार होता, असें आम्हांस वाटतें.

त्या बलवान आम्लारीस अधिक ताप दिला असतां काय होतें, हेंही त्यांनीं १८५१ सालीं पाहिलें होतें. चार एथिलांपैकीं एक निसटून जातो; पण जातांना आपला एक हायड्रोजन मागें टाकून एथिलीन वायूच्या रूपानें जातो, आणि पाणी व ट्रायएथिल अमाइन उरतात. म्हणजे जी गांठ बांधतां येते ती ठराविक रीतीनें सोडतांही येते. ही उलट वाट पुढें फार मोलाची ठरली. एखाद्या अनोळखी वनस्पतिसत्त्वांत नायट्रोजन कोठें व कसा अडकला आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं. त्यास मेथिल गटांनीं पुरतें भरावें, आम्लारि बनवावें व तापवावें. एकदांच तापवून नायट्रोजन सुटला तर तो एकाच बाजूनें बांधलेला होता; दोनदां करावें लागलें तर तो दोन बाजूंनीं बांधलेला होता. गांठी किती हें सोडतांना कळतें. ह्या रीतीस आजही हॉफमनांचेंच नांव आहे.

१८८१ सालीं त्यांनीं ही रीत पिपेरिडीन नांवाच्या पदार्थावर चालविली. हा पदार्थ आमच्या मलबारच्या काळ्या मिऱ्यांच्या तिखट सत्त्वापासून मिळतो. त्यास दोनदां मेथिल भरून दोनदां तापवावें लागलें, तेव्हां नायट्रोजन बाहेर पडला. नायट्रोजन एखाद्या कड्याच्या वेढ्यांत दोन बाजूंनीं धरलेला आहे, ही गोष्ट पुढें इतरांनीं पक्की करण्यास ह्याच कामाचा आधार झाला. त्यांच्या पश्चात् रिखार्ड विल्श्टेटर ह्यांनीं डाळिंबाच्या मुळाच्या सालींतील एका सत्त्वावर हीच क्रिया वारंवार करून १९११ सालीं आठ कर्बांचें एक अपूर्व कडें तयार केलें.

त्यांच्या लंडनच्या दिवसांतील आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हिंवतापावर त्या काळीं क्विनीन हेंच खरें औषध होतें, व तें सिंकोना झाडाच्या सालींतूनच मिळे. डांबरांतील पदार्थांपासून क्विनीन बनवितां आलें तर लाखों जीव वांचतील, असें हॉफमनांनीं १८४९ सालीं लिहून ठेवलें होतें. १८५६ सालीं ईस्टरच्या सुटींत त्यांचा अठरा वर्षांचा शिष्य पर्किन ह्यानें घरच्या प्रयोगशाळेंत तो यत्न केला. क्विनीन मिळालें नाहीं; काळा गाळ मिळाला, आणि त्यांतून सुंदर जांभळा रंग निघाला. जगांतील कृत्रिम रंगांच्या मोठ्या धंद्याचा हा आरंभ. शिष्यानें विद्या सोडून कारखाना काढावा हें गुरूस रुचलें नाहीं. तरी पुढें त्यांनीं स्वतःच रंगांचा कसून अभ्यास केला. १८६३ सालीं त्यांनीं रोझॅनिलीन नांवाच्या तांबड्या रंगावर एथिल आयोडाइडची तीच जुनी क्रिया चालविली. जों जों हायड्रोजनच्या जागीं एथिल बसत गेला, तों तों रंग तांबड्याचा जांभळा होत गेला. त्यास हॉफमनांचा जांभळा असें नांव पडलें व तो बाजारांत फार खपला.

१८६२ च्या लंडन येथील मोठ्या प्रदर्शनाच्या अहवालांत त्यांनीं भाकीत केलें होतें कीं, इंग्लंड एके दिवशीं कोळशापासून केलेला निळा रंग निळीच्या देशास, म्हणजे हिंदुस्थानास, पाठवील. भाकीत खरें झालें, मात्र इंग्लंडाच्या हातून नव्हे. जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली, आणि थोड्याच वर्षांत आमच्या देशांतील निळीचा व्यापार ढासळला. त्या पडत्या व्यापाराचा भार मळेवाल्यांनीं बिहारांतील कुळांवर टाकला. त्याचीच गाऱ्हाणीं ऐकण्यास गांधीजी १९१७ सालीं चंपारण्यांत गेले. प्रयोगशाळेंतील एका नळीचा संबंध दूरच्या शेतकऱ्याच्या भाकरीशीं कसा येऊन पोंचतो, ह्याचें हें उदाहरण आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१८६५ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें एक व्याख्यान दिलें. क्रोके नांवाच्या खेळांतील लांकडी चेंडू काठ्यांनीं जोडून त्यांनीं रेणूंच्या प्रतिमा केल्या होत्या: कर्ब काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा व क्लोरीन हिरवा. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें मुलांच्या खेळण्यानें समजाविण्याची ही युक्ति इतकी सोयीची ठरली कीं, शाळा कॉलेजांतील प्रतिमांत हे रंग आजही बहुतेक तसेच वापरतात. त्याच वर्षीं ते बर्लिन विद्यापीठांत मुख्य अध्यापक होऊन मायदेशीं परतले. बॉन व बर्लिन येथील मोठ्या प्रयोगशाळांच्या आंखणींत त्यांनीं जातीनें लक्ष घातलें होतें; शिल्पी पित्याचा वारसा असा उपयोगीं पडला. १८६७ सालीं त्यांच्या पुढाकारानें जर्मन केमिकल सोसायटी स्थापन झाली व ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८७५ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस आपलें कॉपली पदक दिलें, आणि १८८८ सालीं, सत्तराव्या वर्षीं, त्यांस उमरावपणाचा मान मिळाला.

वुर्ट्झ ह्यांच्याशीं त्यांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला. १८७० सालीं जर्मनी व फ्रान्स ह्यांत घोर युद्ध झालें, आणि वुर्ट्झ ह्यांची जन्मभूमि जर्मनांनीं जिंकून घेतली. दोन राष्ट्रांचे विद्वान एकमेकांस कडू शब्द बोलूं लागले होते. तरीही १८८४ सालीं वुर्ट्झ वारल्यावर त्यांचें विस्तृत चरित्र मोठ्या प्रेमानें व आदरानें लिहिलें तें हॉफमनांनींच. ज्यांच्याशीं स्पर्धा केली त्यांची थोरवी शत्रुराष्ट्रांत बसून लिहावी, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कोणत्याही शोधापेक्षां कमी वाटत नाहीं. ते स्वतः ५ मे १८९२ रोजीं बर्लिन येथें मरण पावले. चौऱ्याहत्तराव्या वर्षींही त्यांचें काम चालूच होतें.

आतां त्यांच्या चार जागांच्या शोधाचीं फळें थोडक्यांत पाहूं. वुर्ट्झ ह्यांनीं १८६७ सालीं अल्किलनाच्याच वाटेनें कोलीन नांवाचा चतुर्थ अमोनियम पदार्थ बनविला. हा आपल्या प्रत्येकाच्या शरीरांत आहे, आणि मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचविणारें द्रव्य त्यापासूनच तयार होतें. १८६८ सालीं एडिंबरो येथें क्रम ब्राउन व फ्रेझर ह्यांनीं कुचल्याच्या विषास एक मेथिल जास्त बांधला. मूळ विषानें जनावरास झटके येतात. नव्या क्षारानें झटके न येतां स्नायू लुळे पडले. केवळ एक दावें अधिक भरल्यानें विषाचा स्वभाव पालटला. आज शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायू सैल करण्यासाठीं जीं औषधें देतात, त्यांतील पुष्कळ ह्याच जातीचीं आहेत. १८९० सालीं रशियाच्या मेन्शुट्किन ह्यांनीं दाखविलें कीं, ट्रायएथिल अमाइन व एथिल आयोडाइड ह्यांची क्रिया कोणत्या द्रवांत चालते त्यावर तिचा वेग शेंकडों पट कमीजास्त होतो. १९३५ सालीं डोमाक ह्यांनीं लांब चरबीची शेंपूट असलेले चतुर्थ क्षार जंतूंस मारतात असें प्रसिद्ध केलें. दवाखान्यांत फरशी व हात धुण्याच्या कित्येक औषधांत हेच असतात. त्यांचा धनभार जंतूच्या ऋणभारी आवरणास चिकटतो व तें फोडतो. मात्र साबणाचा भार ऋण असल्यामुळें साबण व हें औषध एकत्र झाल्यास औषध निकामी होतें. म्हणून साबणानें धुतल्यावर स्वच्छ पाण्यानें खळबळून मगच तें लावावें.

ह्याच कुळांत एक काळसर्पही आहे, आणि तो आमच्या खेड्यांत पोंचलेला आहे. पॅराक्वाट हें तणनाशक दोन नायट्रोजनांवर मेथिल बसवून केलेला चतुर्थ क्षारच होय. १९६२ पासून तें विकलें जाऊं लागलें. त्याचा एखादा घोट पोटांत गेला तरी माणसाचीं फुप्फुसें निकामी होतात, व त्यावर खात्रीचा उतारा नाहीं. म्हणून तें कधींही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत भरून ठेवूं नये, घरांत ठेवूं नये, मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. आणि चुकून पोटांत गेलेंच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ मोठ्या दवाखान्यांत न्यावें. मनुष्य दुःखाच्या भरांत असला म्हणजे अशी बाटली त्याच्या दृष्टीआड असणें हाच त्याचा बचाव असतो, हेंही शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं व घरच्यांनीं जाणून असावें.

प्रिय वाचकहो, हॉफमन ह्यांस सोनें किंवा हिरे शोधावयाचे नव्हते. लोकांनीं टाकून दिलेलें डांबर व गोठ्यांतला वास ह्यांतच त्यांनीं उभें आयुष्य घालविलें. सर्व जागा भरल्या असें दिसत असतांही त्यांनीं पुन्हा एकदां नळी तापवून पाहिली, म्हणून चौथी जागा सांपडली. तीच जागा भरून एकानें औषध केलें व दुसऱ्यानें विष. ज्ञान दोघांस सारखेंच मिळालें. तें कोणाच्या हातीं व कशासाठीं, हें पाहण्याचें काम मात्र शास्त्रज्ञाइतकेंच तुमचें आमचेंही आहे.